जुने अमेरिकन सोडा मशीन ओळखायचे कसे, घ्यायचे कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे 'सोडा' म्हणजे गोटीचा सोडा नव्हे. अमेरिकेत कोल्ड्रिंकला सोडा म्हणतात, आणि नाणे टाकून काचेची थंड बाटली देणारे लोखंडी मशीन म्हणजे सोडा मशीन. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंतच्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये ही मशीन येऊ लागली, तसे प्रश्नही वाढले. तेच प्रश्न साध्यापासून अडचणीच्या क्रमाने दिले आहेत.

१. 'व्हिंटेज' म्हणजे नेमके कोणत्या काळातले?

बोलीभाषेत तीस वर्षांपूर्वीचे काहीही व्हिंटेज. संग्राहक मात्र साधारण १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या बाटलीच्या मशीनला मान देतात. त्याआधी दुकानात असायच्या त्या बर्फाच्या पेट्या. १९२९ च्या सुमारास ग्लॅसकॉक कंपनीने कोका-कोलासाठी बनवलेल्या पेट्या त्यातल्या प्रसिद्ध. त्यांत पैसे दुकानदाराच्या हातात द्यायचे, म्हणून त्या कूलर झाल्या, व्हेंडिंग मशीन नव्हेत. जाहिरातीत दोन्हींना सर्रास एकच नाव देतात. पुढे कॅनची, चौकोनी डब्यासारखी मशीन आली. ती स्वस्त मिळतात, पण बाजार वेगळा.

२. माझ्या मशीनवर मोठ्या अक्षरांत कोका-कोला लिहिलंय. म्हणजे ते कोका-कोलाने बनवलंय ना?

नाही. दारावरचे नाव आत विकल्या जाणाऱ्या पेयाचे. बनवणारे वेगळेच: कॅन्सस सिटीची व्हेंडो, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची व्हेंडरलेटर (हिलाच व्हीएमसी म्हणतात), चॅटनूगाची कॅव्हेलियर, शिवाय जेकब्स, वेस्टिंगहाउस, मिल्स, आयडियल. यातल्या काहींनी एकाच साच्याचे मशीन कोक, पेप्सी, सेव्हन-अप अशा वेगवेगळ्या कंपन्यांना वेगळ्या रंगात दिले. त्यामुळे सुटा भाग मागवताना "कोकचं जुनं मशीन आहे" एवढे सांगून काही उपयोग होत नाही. बनवणारी कंपनी आणि मॉडेल, दोन्ही लागतात.

३. मॉडेल कसे ओळखायचे?

आधी धातूची छोटी प्लेट शोधा. ती दाराच्या आतल्या कडेला, आतल्या भिंतीवर, पाठीमागे किंवा खालच्या जाळीच्या आत कॉम्प्रेसरजवळ असू शकते. तिच्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि विजेचा दाब लिहिलेला असतो. रंगाखाली दडली असेल तर थिनरचा बोळा हलक्या हाताने फिरवा. तारेचा ब्रश लावू नका, कोरलेली अक्षरे कायमची जातात.

मॉडेलमधला आकडा बहुधा मशीन किती बाटल्या विकते ते सांगतो. व्हेंडो ४४ मध्ये ४४, कॅव्हेलियर सी-५१ मध्ये ५१, जेकब्स २६ मध्ये २६. मात्र मोजताना एक फसगत होते. बऱ्याच मशीनमध्ये तळाशी बाटल्या आधीच थंड करून ठेवायची जागा असते आणि ती या आकड्यात धरलेली नसते. म्हणून नाणे टाकल्यावर ज्या कप्प्यांतून बाटली बाहेर येते तेवढेच मोजा.

दुसरी फसगत आकड्यांच्या साम्याची. 'व्हेंडो ८१' आणि 'व्हीएमसी ८१' ही दोन निराळी मशीन आहेत. १९५६ मध्ये व्हेंडोने व्हेंडरलेटर विकत घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या व्हीएमसीवर व्हेंडोचेही नाव दिसते आणि गोंधळ वाढतो. एकाचे ड्रम (बाटल्या धरून फिरणारा भाग) किंवा दाराचे रबर दुसऱ्याला बसेल असे धरून चालू नका.

४. प्लेटच गायब आहे. आता?

मग मापे बोलतात. उंची, रुंदी आणि खोली अर्ध्या इंचापर्यंत अचूक घ्या, हँडल आणि बिजागऱ्या सोडून. व्हेंडो ४४ जेमतेम १६ इंच रुंद आणि पाच फुटांना थोडे कमी उंच. एवढे सडपातळ दुसरे क्वचितच, म्हणून ते लांबूनही ओळखू येते. जेकब्स २६ ची गोल डोक्याची पेटी अमेरिकन टपालपेटीसारखी दिसते, त्यामुळे तिला 'मेलबॉक्स' म्हणतात. त्यानंतर पाहा: नाणे कुठे पडते, बाटली कुठून निघते, हँडल फिरवायचे की दार उघडून बाटली ओढायची. या गोष्टींचे सरळ समोरून फोटो काढले, तर जाणकार सहसा मॉडेल सांगतो. तिरपे, फ्लॅश मारलेले फोटो निरुपयोगी.

५. साल कसे काढायचे?

एकाच खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा जुळल्या की साल पक्के.

पत्ता: प्लेटवर शहराच्या नावानंतर एक-दोन आकडी टपालाचा झोन क्रमांक असेल, तर प्लेट १९४३ ते १९६३ मधली. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरची.

पेटंट क्रमांक: प्लेटवरच्या यादीतला सर्वांत मोठा आकडा पाहा. १९४० ची सुरुवात २१,८५,१७० ने झाली, १९५० ची २४,९२,९४४ ने, १९६० ची २९,१९,४४३ ने. प्लेटवर स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने वेगळ्या जागी असेल, आकडा तोच. याने कळते ते एवढेच की मशीन त्या सालाच्या आधीचे नाही. नंतरचे खुशाल असू शकते.

बोधचिन्ह: कोकचे माशाच्या शेपटीसारखे चिन्ह १९५८ मध्ये आले आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. नावाखालची पांढरी लाट १९६९-७० पासूनची. पेप्सी आणि कोला या शब्दांमध्ये दोन ठिपके असतील तर ते अक्षरलेखन १९५० च्या सुमारापर्यंतचे. पण दारे पुन्हा रंगवली जात, स्टिकर बदलले जात, म्हणून ही खूण सगळ्यांत कच्ची.

आकार: गोल खांदे आणि सगळे मशीन लाल असेल तर बहुधा पन्नासच्या दशकाच्या मध्याआधीचे. वरचा भाग पांढरा आणि खालचा लाल ही पद्धत त्यानंतरची. धारदार चौकोनी कोपरे साठच्या दशकाकडे बोट दाखवतात.

६. प्रकार किती? घरासाठी कोणता बरा?

आडवी पेटी आणि उभे मशीन असे दोन मुख्य घाट.

आडव्या पेटीच्या एका प्रकारात बाटल्या मानेने पट्ट्यांत लटकतात. हवी ती बाटली सरकवत फाटकापर्यंत आणायची, नाणे टाकायचे, वर ओढायची. याला 'स्लायडर' म्हणतात. यात एकाच वेळी अनेक प्रकारची पेये ठेवता येतात, यंत्रणा साधी, बिघाड कमी. दुसऱ्यात, उदाहरणार्थ व्हेंडो २३ मध्ये, वरची गोल चकती फिरवून भोक हव्या त्या बाटलीवर आणतात. काही पेट्यांमध्ये बाटल्या थंड पाण्यात उभ्या असत. त्यांचा तळ आतून गंजलेला असण्याची शक्यता फार.

उभ्या मशीनमध्ये ड्रम किंवा कप्पे असतात, आणि दिसायला तीच देखणी. जागा कमी असेल तर व्हेंडो ४४. मात्र मागणी तिलाच सगळ्यांत जास्त, त्यामुळे किंमतही. पहिलेच मशीन घेणाऱ्याने स्लायडर पाहावा, असे आमचे मत. लोक ऐकत नाहीत, हेही खरे.

७. मशीन बघायला जाताना काय न्यावे आणि काय तपासावे?

सोबत न्या: विजेरी, मापाची टेप, फ्रिजवरचे साधे लोहचुंबक, मल्टिमीटर, थर्मामीटर, पाच आणि दहा सेंटची दहा-दहा नाणी आणि काचेच्या भरलेल्या सहा बाटल्या. रिकामी बाटली हलकी असते, ड्रम तिच्या वजनाने फिरत नाही आणि चांगली यंत्रणाही बिघडलेली वाटते.

रंग सगळ्यात शेवटी पाहा. आधी खाली वाका. गंज तळापासून वर चढतो: पाय, खालची जाळी, दाराची खालची कड, आतला तळ. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी भरलेली आहे. बोटभर पुट्टी चालते, वीतभर असेल तर खाली पत्रा उरलेला नाही.

मग दार उघडून काय आहे यापेक्षा काय नाही ते लिहून काढा: कॉइन मेकॅनिझम (नाणे पारखणारी यंत्रणा), पैशांचा डबा, बाटली निघते ते छोटे दार, ड्रमवरच्या पट्ट्या, कॉम्प्रेसर, पंखा, थर्मोस्टॅट, कुलूप, हँडल, बाटली उघडायचा ओपनर, झाकणे पडतात तो डबा. दाराचे रबर नवे मिळते. ड्रमचे भाग दुसऱ्या मोडक्या मशीनमधूनच काढावे लागतात, आणि तसे मशीन सापडायला वर्ष जाऊ शकते. खराब रंगाचे पण सगळे भाग असलेले मशीन हे चकचकीत पण पोकळ मशीनपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

शेवटी सहा बाटल्या भरा आणि सहाही नाण्याने काढा. एकदा निघाली म्हणजे झाले असे नाही. घासलेला खटका तिसऱ्या-चौथ्या बाटलीला दोन बाटल्या एकदम सोडतो किंवा अडकतो.

८. "चालू आहे, फक्त गॅस भरावा लागेल" असे विकणारा म्हणतो. घ्यावे का?

हे वाक्य 'थंड होत नाही' असे वाचा. ही बंद प्रणाली आहे; गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार.

पन्नासच्या दशकातल्या बहुतेक मशीनमध्ये आर-१२ नावाचा गॅस आहे. ओझोनचा थर विरळ करणारा म्हणून अमेरिकेत त्याचे उत्पादन १९९५ अखेर थांबले. तो हवेत सोडणे बेकायदा आहे आणि या कामाला पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, कलम ६०८ चे प्रमाणपत्र असलेला मेकॅनिकच लागतो. "त्याऐवजी आर-१३४ए गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला विचारा: तेल बदलणार का? जुन्या कॉम्प्रेसरमधले खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, ते नळ्यांत साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जळतो. एस्टर तेल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर आणि बरोबर मापाची केशनळी, हे तिन्ही केले तरच बदल टिकतो. अनेकदा नवे कंडेन्सिंग युनिट (कॉम्प्रेसरसकटचा संच) बसवणे जास्त शहाणपणाचे. जुने काढलेले मात्र टाकू नका, मशीनसोबत ठेवा.

चालू असल्याचा दावा पडताळायचा तर आधी प्रश्न १५ मधली विजेची तपासणी करा, मग मशीन तीन-चार तास चालू ठेवून आतल्या बाटलीतले तापमान मोजा. २ ते ४ अंश सेल्सिअस हवे. गुणगुण, मग 'टक्' आणि पुन्हा शांतता असे सतत होत असेल, तर स्टार्ट रिले गेला आहे (स्वस्त) किंवा कॉम्प्रेसर जाम आहे (महाग). बाष्पक नळीच्या थोड्याच भागावर बर्फ धरत असेल, तर गॅस कमी. उलट बाटल्या गोठून फुटत असतील, तर थर्मोस्टॅट चिकटलाय.

९. किल्ली नाही. कुलूप ड्रिल करू का?

ड्रिल शेवटचा उपाय. बऱ्याच मशीनना नळीच्या आकाराची गोल किल्ली लागते आणि सराईत कुलूपवाला ते कुलूप न फोडता उघडतो. ड्रिल घसरले तर हँडलची क्रोम तबकडी जाते, जी कुलुपापेक्षा महाग. खरा मुद्दा वेगळा: किल्ली नाही म्हणजे आत काय आहे हे कोणी पाहिलेले नाही. सौदा करताना आत काहीच नाही असे धरूनच किंमत सांगा.

१०. कोणती नाणी चालतात? कॉइन मेकॅनिझम नसेल तर?

सुरुवातीची मशीन फक्त पाच सेंटच्या निकेलवर चालत: २१.२१ मिमी व्यास, ५ ग्रॅम वजन. कोकची बाटली १८८६ पासून पन्नासच्या दशकापर्यंत पाच सेंटला होती, आणि ती तशी अडकून राहण्यात या मशीनचाही हात होता. एकाच नाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये भाव सहा सेंट करणार कसा? १९५३ मध्ये कोका-कोलाच्या रॉबर्ट वुडरफ यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे साडेसात सेंटचे नाणे काढायची विनंती केली होती. ते काही झाले नाही, आणि पुढची मशीन दहा सेंटच्या डाइमची झाली. मूळ निकेलची यंत्रणा शाबूत असेल तर ती काढून डाइमची बसवू नका.

१९६५ मध्ये डाइम आणि पंचवीस सेंटच्या क्वार्टरमधली चांदी गेली, पण नव्या थरांच्या नाण्यांची घडण जुन्या मशीननी स्वीकारावी अशीच केली होती. त्यामुळे आजचा डाइम जुन्या यंत्रणेत चालतो. नाणे सारखे परत येत असेल, तर आधी साठलेला चिकट थर अल्कोहोलने पुसा. तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि नाणे हळू उतरते. यंत्रणाच नसेल तर मशीन 'फ्री व्हेंड', म्हणजे नाण्याशिवाय, चालवता येते. मात्र वायरी कापून हा जुगाड करणारे पुढच्या मालकाचे नुकसान करतात.

११. हल्लीच्या बाटल्या बसतात का? कॅन?

ही मशीन साडेसहा औंसाच्या, म्हणजे सुमारे १९२ मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीसाठी घडवलेली. दहा आणि बारा औंसाच्या मोठ्या बाटल्या १९५५ पासून आल्या, त्यामुळे त्यानंतरच्या काही मशीनमध्ये पट्ट्या काढून-घालून दोन्ही मापे चालतात. आठ औंसाची काचेची बाटली अनेक मशीनमध्ये बसते. मेक्सिकन कोकची उंच बाटली बऱ्याचदा अडते. व्यास आणि उंची दोन्ही पाहा, शक्यतो प्रत्यक्ष बाटली घालूनच. प्लॅस्टिकची बाटली ड्रममध्ये चेपते. बाटलीच्या मशीनमध्ये कॅन घालायचा नाद सोडा.

१२. 'फुल्ली रिस्टोअर्ड' लिहिलंय. विश्वास ठेवावा?

पुरावा मागा. दार आणि पेटी सुटी करून जुना रंग उतरवला त्याचे फोटो, कॉम्प्रेसरच्या कामाची पावती, नव्या वायरिंगचा फोटो. क्रोमवर नख घासा. चंदेरी रंग असेल तर मऊ लागतो. रबर उचलून त्याखाली पाहा. तिथे जुना रंग दिसला तर नुसता वरून फवारा मारलाय.

तुम्ही स्वतः रंग घासणार असाल तर तो शिशाचा आहे असेच धरा. कोरडे घासू नका आणि लहान मुलांना लांब ठेवा. मूळ रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर आमचा सल्ला: रंगवूच नका. रंग पुन्हा केव्हाही देता येतो, मूळ मात्र एकदाच असतो.

१३. पेप्सीच्या मशीनचे कोक केलेले असते का? कसे कळेल?

सर्रास. कोकच्या मशीनला गिऱ्हाईक जास्त, म्हणून निळे मशीन लाल होते. पत्र्यात दाबून उठवलेली अक्षरे खरी ओळख देतात. जिथे ती असायला हवीत तिथे गुळगुळीत पत्रा आणि स्टिकर असेल, तर शंका घ्या. दाराची आतली कड, बिजागरीमागचा भाग, कॉइन मेकॅनिझममागची जागा, स्क्रूच्या डोक्याखालचा रंग, या ठिकाणी जुना निळा किंवा हिरवा हमखास उरतो. बनवणारी कंपनी आणि मॉडेल त्या पेयासाठी होते का हेही पडताळा (प्रश्न २).

१४. झाकणावर व्हेंडो आणि पेटीवर वेस्टिंगहाउस. कोणीतरी जोडजंतर केलंय का?

तसे असेलच असे नाही. व्हेंडोची सुरुवातच १९३७ मध्ये झाकणापासून झाली. दुकानात आधीपासून असलेल्या कूलरवर बसवायचे नाणेवाले झाकण, नाव 'रेड टॉप'. त्यामुळे दोन कंपन्यांची नावे एका पेटीवर असणे अस्सल असू शकते. झाकणाची कड पेटीवर चारही बाजूंनी सारखी बसते का आणि स्क्रूची भोके जुनी आहेत की ताजी, ते पाहा.

१५. घरी आणले. लगेच प्लग लावू का?

नको. आडवे आणले असेल तर चोवीस तास उभे राहू द्या, कॉम्प्रेसरचे तेल परत खाली उतरते. जुन्या वायरीचे रबर बोटाने वाकवा. तडकले तर अख्खी वायर बदला. मूळ प्लग दोन पिनांचा असतो, अर्थिंग नसते, म्हणून तीन तारांची वायर घालून हिरवी तार मोकळ्या पत्र्याला घट्ट जोडा. प्लगच्या प्रत्येक चपट्या पिनेपासून पेटीपर्यंत मल्टिमीटरने पाहा. जोड दिसला तर तिथेच थांबा. पहिल्यांदा लावताना जीएफसीआय (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी सोय) असलेल्याच सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन वायर वापरू नका, बारीक वायरीत विजेचा दाब कमी होतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना अडकतो.

१६. वाहतूक कशी करावी?

उभीच. मोठी मशीन दीडशे किलोंच्या वर जातात आणि वजन दार व कॉम्प्रेसरकडे असल्याने झुकली की सावरत नाहीत. बाटल्या पूर्ण काढा, दार पट्ट्याने बांधा (कुलूप लावून किल्ली आत विसरणारे असतात), फ्रिज हलवायच्या पट्टेवाल्या ट्रॉलीवर चढवा, ट्रकला लिफ्ट-गेट असावे. बेसमेंटच्या जिन्याची रुंदी आणि वळण सौद्याआधी मोजा. पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या.

१७. पुण्याला नेले तर चालेल का?

नुसत्या ट्रान्सफॉर्मरने नीट चालणार नाही. मशीन ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, पण ५० हर्ट्झ तशीच राहते. मोटर सहाव्या हिश्शाने मंद फिरते, जास्त करंट ओढते आणि तापते. टिकाऊ मार्ग म्हणजे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे नवे कंडेन्सिंग युनिट भारतात बसवून घेणे आणि मूळ युनिट जपून ठेवणे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत आणि आर-१२ असलेले मशीन आणखी अडचणीचे, म्हणून जहाजात चढवण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून लेखी उत्तर घ्या.

रुपयाचे नाणे चालणार नाही. २०११ च्या मालिकेतला रुपया निकेलपेक्षा पाऊण मिलिमीटरने मोठा, शिवाय चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा. खोटी लोखंडी नाणी पकडण्यासाठी कॉइन मेकॅनिझममध्ये बसवलेले चुंबक त्याला तिथेच धरून ठेवते. त्यामुळे मशीनशेजारी वाटीत निकेल ठेवा, पाहुण्यांना त्यातच मजा वाटते. २०० मिलिलिटरची परतीची काचेची बाटली आकारमानाने जुन्या बाटलीच्या जवळची आहे, पण कप्प्यात बसते का ते प्रश्न ११ प्रमाणे घालूनच पाहा.